ढाळ चुकलेली वाट

सांगलीच्या जुन्या वस्तीतील एका घराच्या कपाटात लाल कापडी बांधणीच्या कीर्दी अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील 1979 सालच्या, म्हणजे वीर निर्वाण संवत 2505 च्या कीर्दीत वैशाख महिन्यात एक नोंद आढळते : फाटक ते ओसरी वाट, सिमेंट पोती 7, खडी, वाळू, गवंडी मजुरी. ही नोंद घरखर्चात नाही, धर्मादाय खात्यावर आहे. हळदीची अडत चालवणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आपल्याच अंगणातील वाटेचा खर्च धर्मादाय का धरावा, असा प्रश्न परक्याला पडेल. त्या घराचे आजचे कर्ते, ज्यांना सारा बाजार ‘अण्णा’ म्हणतो, त्यांना तो कधी पडला नाही. उत्तर त्यांना पाठ होते.

त्या वर्षी गावात मुनिसंघाचा चातुर्मास ठरला होता. अण्णांच्या घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत चाळीस फूट अंतर, आणि तेवढ्या वाटेवर आजोबांनी घातलेली शहाबादी फरशी होती. पावसाळा सुरू झाला की फरशीच्या सांध्यासांध्यांतून हरळी डोके वर काढी. मुनिराज ईर्या समिती पाळतात; चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात आणि हिरव्या तृणावर पाय देत नाहीत. आपण दारात कलश घेऊन पडगाहनासाठी उभे राहावे आणि अंगणातील हरळीमुळे महाराजांना पुढच्या घराकडे वळावे लागावे, ही कल्पनाच अण्णांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, सहन होईना. म्हणून त्यांनी एकसंध, बिनसांध्याची, गवताच्या काडीलाही वाव न देणारी काँक्रीटची वाट करण्याचे योजले.

सिमेंट त्या काळी परवान्यावर मिळे. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद आणि चार इंच जाड अशा कामाला नेहमीच्या एकास दोन, दोनास चार या प्रमाणात नऊ ते दहा पोती लागतात. आप्पांना परवान्यावर सात मिळाली. काळ्या बाजारातून तीन पोती आणणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु धर्मादाय कामात चोरीचा माल नको, असे त्यांनी ठरवले आणि सात पोत्यांतच वाट भागवली. अण्णा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. फरशी काढली त्या आठवड्यात ते खरेदीसाठी निजामाबादला गेले होते. परतले तेव्हा ओल्या काँक्रीटवर गवंडी थापी फिरवत होता. फाटकाजवळच्या कोपऱ्यात आप्पांनी खिळ्याने ‘1979’ असा आकडा कोरला. पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचे काम अण्णांकडे होते. दुकानातील हळदीची रिकामी गोणपाटे भिजवून ते वाटेवर अंथरीत. पुढे कित्येक दिवस ती वाट किंचित पिवळसर दिसे.

त्या चातुर्मासात त्या घरी तीन वेळा मुनिराजांचा आहार झाला. आप्पांच्या आयुष्यातील तो परम आनंद होता. नंतर वर्षे गेली, आप्पा गेले, त्यांच्या मागोमाग आई गेल्या; वाट मात्र राहिली. अण्णा रोज पहाटे अनवाणी त्या वाटेने बस्तीत दर्शनाला जात, आणि फाटकाजवळच्या आकड्यावर पाऊल पडू नये म्हणून किंचित बाजूने वळत.

व्यापारी माणूस दुकानातील काट्यावर, गोदामाच्या पत्र्यावर, मालाच्या गाडीवर दरवर्षी घसारा धरतो. वस्तू झिजते, तिची किंमत कमी होते, आणि एक दिवस ती वस्तू मालमत्ता न राहता ओझे होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ही वाट मालमत्तेच्या खात्यात कधी नव्हतीच. ती धर्मादाय खात्यावर होती. तिच्यावर घसारा धरण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

जमीन मात्र खाते पाहत नाही. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर काँक्रीट घालायचे तर आधी ती हातभर खोदून काढावी, मुरूम भरून धुमसाने चोपावा, आणि काँक्रीटही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये सांधे ठेवून घालावे, म्हणजे जमीन हलली तरी प्रत्येक तुकडा आपापल्या जागी हलतो. आप्पांना एकसंध वाट हवी होती. जमीन दरसाल वर-खाली होत राहिली आणि जो सांधा माणसाने ठेवला नव्हता तो तिने स्वतःच पाडला. आधी एक बारीक चीर आली, मग तीन, मग सात. शेजारच्या कडुनिंबाच्या मुळांनी एक कड उचलली. 2005 आणि 2019 च्या महापुरात पाणी अंगणात येऊन राहिले. 2019 चा पूर ओसरल्यावर वाटेचा मधला भाग खाली बसला आणि फाटकाकडील भाग वर आला. ढाळ उलटला. पूर्वी अंगणाबाहेर जाणारे पावसाचे पाणी आता घराच्या जोत्याकडे धावू लागले. देवघराच्या भिंतीला वीतभर उंचीपर्यंत ओल चढली, आणि कडुनिंबाच्या सावलीत, साचलेल्या पाण्यावर, दर पावसाळ्यात हिरवेगार शेवाळ धरू लागले.

चिरंजीवांनी 2024 च्या फाल्गुनात मिस्त्रींना बोलावून वाट दाखवली. मिस्त्रींनी लोखंडी सळईने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. निम्म्या ठिकाणी पोकळ आवाज आला. “अण्णा, ही आता दुरुस्तीची राहिली नाही. काढायलाच पाहिजे,” ते म्हणाले.

अण्णांनी ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, “आप्पांनी घातलेली वाट आहे. तिच्यावरून मुनिराजांचे चरण गेलेत. माझ्या हयातीत ती निघणार नाही.” मग थोडे थांबून त्यांनी आणखी एक कारण पुढे केले. “आणि पंचेचाळीस वर्षांत तिच्याखाली किती जीवांनी घर केले असेल! घण घालून त्यांचा घात करायचा?”

श्रावकाच्या घरात या कारणापुढे सहसा कोणी बोलत नाही. संकल्पी हिंसेचा त्याग तर आहेच. आरंभी हिंसाही जेवढी टाळता येईल तेवढी टाळावी, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. चिरंजीव गप्प बसले. काकू मात्र ओसरीवर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, आणि पावसाळाभर त्या शेवाळावर आपण रोज पाय देतो, त्याचे काय?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, हे त्यांनाही कळत होते. शेवाळ म्हणजे अनंत जीवांचा समूह. ते खरवडले तरी घात, तुडवले तरी घात. मागच्या वर्षी चिरंजीवांनी न विचारता ब्लीचिंग पावडर टाकली होती, तेव्हा अण्णांनी दिवसभर अन्न घेतले नव्हते. पाणी गाळून घेण्याचा नियम पाळणाऱ्या घरात खरा मार्ग ठाऊक असायला हवा होता : जीवांची उत्पत्ती झाल्यावर विचार करण्यापेक्षा उत्पत्तीला निमित्त ठरणारे पाणीच साचू न देणे. परंतु त्यासाठी ढाळ बदलावा लागणार होता, आणि ढाळ बदलायचा तर वाट काढावी लागणार होती.

आषाढात, पावसाची झड लागलेली असताना, काकू पहाटे बस्तीकडे निघाल्या आणि वाटेच्या मध्यावर पाय घसरून पडल्या. पडताना त्यांनी उजवा हात टेकला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. काकूंनी दुखण्याची तक्रार केली नाही. रुग्णालयातून परतताना त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे या चातुर्मासात मला आहार देता यायचा नाही?”

गावात त्या वर्षीही संघाचा चातुर्मास होता. मुनिराज पाणिपात्री, ओंजळीतच आहार घेतात. त्या ओंजळीत घास देणारे हात शुद्ध आणि मोकळे असावे लागतात. प्लास्टरमधला हात त्या कामाचा नव्हता. ज्या वाटेचा खर्च आप्पांनी आहारदानासाठी धर्मादाय खात्यावर टाकला होता, त्याच वाटेने घरच्या गृहिणीचा आहारदानाचा हात काढून घेतला होता. अण्णांनी हे कोणाला बोलून दाखवले नाही. परंतु त्या दिवसापासून ते फाटकाजवळच्या आकड्याला वळसा घालीनासे झाले.

श्रावणात एके सकाळी चिरंजीव आणि सूनबाई सोवळ्याने फाटकात पडगाहनासाठी उभे राहिले. अण्णा त्यांच्या मागे हात जोडून उभे होते, काकू ओसरीवर. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सूनबाईंनी वाट झाडली होती, पण शेवाळ झाडूने निघत नाही, आणि खरवडायला अण्णांनीच मनाई केली होती. मुनिराज आले. फाटकासमोर क्षणभर थांबले. त्यांची दृष्टी, नेहमीप्रमाणे, पुढच्या चार हात भूमीवर होती. मग ते पुढच्या घराकडे निघून गेले.

मुनिराज का थांबले नाहीत, हे त्यांनी सांगितले नाही. तशी रीत नाही. आहाराला निघताना मनात धरलेला अभिग्रह जुळला नसेल, दुसरे काही असेल. चिरंजीव तसे म्हणालेही. अण्णा मात्र बराच वेळ फाटकातच उभे राहून त्या हिरव्या वाटेकडे पाहत राहिले. मुनिराजांच्या पावलांसाठी हरळी नको म्हणून घातलेली वाट आज स्वतःच हिरवी झाली होती.

भाद्रपदात पर्युषण पर्व आले. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्य धर्मावरील प्रवचनात, महाराजांनी परिग्रहाची व्याख्या सांगितली : परिग्रह वस्तूत नसतो, मूर्च्छेत, म्हणजे ‘हे माझे’ या भावात असतो. अण्णांनी हे आयुष्यात पन्नास वेळा ऐकले होते. ऐकताना त्यांना नेहमी तिजोरी, सोने, गोदामातील माल असे काही आठवे, आणि आपण परिग्रह-परिमाण घेतलेले आहे या विचाराने थोडे समाधानही वाटे. त्या दिवशी मात्र त्यांना काँक्रीटचा एक तडकलेला पट्टा आठवला. त्याची बाजारात कवडीही किंमत आली नसती. परिमाणाच्या यादीत त्याचा उल्लेख नव्हता. तरीही त्यांच्या हातून जी एक वस्तू सुटत नव्हती ती हीच होती.

घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, “चातुर्मास संपला, जमीन सुकली, की वाट काढू.”

काकू म्हणाल्या, “बघून काढा म्हणजे झाले.”

दिवाळीनंतर, कार्तिक सरता सरता, काम सुरू झाले. अण्णांनी आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडला होता : त्रेपन्न घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासाहून थोडे अधिक, वजन छत्तीस क्विंटलच्या आसपास. पन्नास किलोची बहात्तर पोती. इतके ओझे एवढी वर्षे अंगणात पडून होते आणि आपण त्याला वाट म्हणत होतो, असे त्यांना वाटून गेले.

मिस्त्रींनी ब्रेकर मशिन आणण्याची तयारी दाखवली. दीड दिवसात काम उरकले असते. अण्णा म्हणाले, “मशिन नको. पहार आणि घण घ्या. प्रत्येक तुकडा आधी उचलायचा, खाली बघायचे, मग फोडायचा. दिवस जास्त लागले तर मजुरी जास्त घ्या.” मिस्त्रींना यात वेडेपणा वाटला नाही. उलट ते म्हणाले, “फोडायची बरोबर पद्धतबी हीच हाय.” काँक्रीट जमिनीवर टेकलेले असताना घणाचे घाव जमीन गिळते आणि माणूस दमतो. कडेची माती काढून पहारीने तुकडा दोन इंच उचलावा, खाली दगडाचा टेकू द्यावा, मग अधांतरी भागावर घाव घालावा. दोन-चार घावांत तो दुभंगतो. शिवाय घराच्या जोत्याला हादरा बसू नये म्हणून त्यांनी आधी ओसरीलगत कटरने एक सरळ रेघ कापून घेतली, आणि वाटेखालून आडवी जाणारी नळाची पाइप कोठे आहे ते चुन्याने आखून ठेवले.

काम फाटकाकडून सुरू झाले. सूनबाई मऊ केरसुणी आणि सुपली घेऊन बसल्या. तुकडा उचलला की घण थांबे. गांडुळे निघाली, पैसाकिडे निघाले, दोन गोमी निघाल्या. ओलसर खबदाडात डोळे मिटून बसलेला एक बेडूक निघाला. एकेकाला सुपलीवर घेऊन कडुनिंबाच्या पलीकडील सावलीत, पालापाचोळ्याखाली सोडले गेले. कडुनिंबाजवळचा तुकडा उचलताच पांढऱ्या अंड्यांसह मुंग्यांचे मोठे वारूळ उघडे पडले. अण्णांनी हात वर केला. त्या दिवशी काम तिथेच थांबले, आणि दुसऱ्या दिवशीही. उजेड आणि वारा लागल्यावर मुंग्यांनी आपणच अंडी उचलून बिऱ्हाड हलवले. दोन्ही दिवस मजूर बसून होते. त्यांची मजुरी अण्णांनी दिली. एकही जीव मेला नाही, असे म्हणण्याचे धाडस अण्णांनी केले नाही. संध्याकाळी सामायिकाला बसण्यापूर्वी ते रोज प्रतिक्रमण करीत राहिले.

काम पुन्हा सुरू झाल्यावर, मधला भाग उचलताना मिस्त्रींनी हाक मारली, “अण्णा, खाली शहाबादी हाय!”

अण्णा वाकले. काँक्रीटच्या तळाशी, काळ्या मातीत रुतलेले, करड्या शहाबादी फरशीचे तुकडे होते. आजोबांची फरशी. ती काढून बस्तीच्या आवारात दिली असावी, असा अण्णांचा पंचेचाळीस वर्षांचा समज होता. ते निजामाबादला असताना आप्पांनी ती घणाने फोडून आपल्या वाटेखाली भरावासाठी वापरली होती. आजोबांनी हौसेने आणवलेली, ज्यांवर बसून ते स्वतः पानसुपारी करीत, त्याच फरशा. आप्पांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि कीर्दीतही त्याची नोंद नव्हती. मुनिराजांना चालता यावे हा हेतू. त्या हेतूच्या आड बापाची फरशी आली, तर फरशी काढली. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले. काकूंनी विचारले, “काय झाले?”

“काही नाही,” अण्णा म्हणाले. “मी आप्पांची वाट सांभाळत बसलो. आप्पा स्वतः काही सांभाळत बसले नव्हते.”

‘1979’ आकड्याचा कोपरा मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी न फोडता बाजूला काढून ओसरीवर ठेवला होता. चिरंजीवांच्या मनात तो बागेत रोवायचा होता. काही दिवस तो तुकडा ओसरीवर राहिला. अण्णा येता-जाता त्याच्याकडे पाहत. शेवटच्या दिवशी, अंगणाच्या उतरत्या कोपऱ्यात शोषखड्डा भरण्याचे काम चालू होते. आजोबांच्या फरशीचे तुकडे तळाला, त्यावर आप्पांच्या वाटेचे तुकडे, असा भराव होत होता. राडारोडा बाहेर टाकण्याची फारशी वेळच आली नाही. अण्णांनी तो कोपरा दोन्ही हातांनी उचलला, खड्ड्यापाशी नेला आणि आकडा खाली येईल असा, हळूच, बाकीच्या तुकड्यांत ठेवून दिला. कोणी काही बोलले नाही.

नवी वाट तीन फूट रुंद आहे. काळी माती फूटभर काढून मुरूम भरला, पाणी मारून थराथराने चोपला, आणि वर काँक्रीटचे चार-चार फुटांचे तुकडे, मध्ये सांधा ठेवून घातले. सांध्यांत गवत उगवू नये म्हणून डांबर भरले. पाय घसरू नये म्हणून ओल्या पृष्ठभागावर झाडू ओढून तो खरखरीत ठेवला. रुंदीत एक इंचाचा ढाळ बाहेरच्या बाजूला, शोषखड्ड्याकडे दिला. कडुनिंबाच्या दोन खालच्या फांद्यांऐवजी वाटच दोन हात बाजूला सरकवली. तिथे आता दुपारपर्यंत ऊन असते. एक बादली पाणी ओतून मिस्त्रींनी दाखवले : पाणी क्षणभरही थांबले नाही. पाणी थांबले नाही तर शेवाळ धरणार नाही, शेवाळ धरले नाही तर खरवडण्याचा प्रश्न येणार नाही. दयेचे निम्मे काम ढाळातच होऊन जाते, हे हळदीच्या व्यापाऱ्याला हरिपूरच्या पेवांवरून खरे तर आधीच ठाऊक असायला हवे होते. तिथेही माल टिके तो ओल आत न येऊ देणाऱ्या मातीमुळे, नंतरच्या उपायांमुळे नव्हे.

मार्गशीर्षातल्या एका रात्री अण्णांनी कीर्द उघडली. वीर निर्वाण संवत 2551. सिमेंट, खडी, वाळू, मुरूम, मिस्त्री आणि मजुरांची मजुरी ही सर्व रक्कम त्यांनी घरदुरुस्तीच्या खात्यावर टाकली. फक्त एक नोंद वेगळी केली : मुंग्या हलेपर्यंत मजूर बसून राहिले त्या दोन दिवसांची मजुरी. ती त्यांनी धर्मादाय खात्यावर लिहिली, शाई वाळू दिली आणि कीर्द मिटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू अनवाणी बस्तीकडे निघाल्या. मनगट आता भरून आले आहे. थंडीत थोडे दुखते, एवढेच. अण्णा त्यांच्या मागून चालत होते. वाटेच्या टोकाशी, जिथे पूर्वी आकडा होता तिथे, ते सवयीने बाजूला वळू लागले. मग थांबले, आणि सरळ चालत फाटकाबाहेर पडले.